तिजोरीचा प्रश्न : फैजपूरपासून लाडक्या बहिणीपर्यंत

निवडणूक जवळ आली की सगळ्या पक्षांना गरीब आठवतो आणि निवडणूक संपली की सगळ्यांना तिजोरी आठवते. हे आपण इतक्या वेळा पाहिले आहे की आता त्याचा रागही येत नाही. पण आंबेडकरी कार्यकर्त्यांनी या विषयावर नुसते हसून किंवा शिव्या घालून पुढे जाणे आम्हाला मान्य नाही. आर्थिक धोरणातले ढोंग कसे पकडायचे, ते लोकांना कोणत्या भाषेत सांगायचे आणि त्याला पर्याय कसा द्यायचा, याचा धडा बाबासाहेबांनी याच महाराष्ट्रात सुमारे नव्वद वर्षांपूर्वी घालून दिला आहे. तो धडा आपण विसरलो. इतर पक्ष ढोंगी आहेत हे खरेच आहे. पण त्यांचे ढोंग दरवेळी पचते, यात आपलाही वाटा आहे. या लेखात आम्ही दोन्ही बाजूंचा हिशेब मांडणार आहोत.

ठराव शेतकऱ्याचा, राज्य खोताचे

मार्च १९३१ मध्ये कराचीला काँग्रेसचे अधिवेशन झाले. तिथे मूलभूत हक्क आणि आर्थिक कार्यक्रमाचा ठराव मंजूर झाला. कामगाराला जगण्यापुरते वेतन, संघटना करण्याचा हक्क, शेतसारा आणि खंडात कपात, मिठावरचा कर रद्द, लष्करी खर्चात कपात, सरकारी नोकराला साधारणपणे ५०० रुपयांपेक्षा जास्त पगार नाही, अशी त्यातली कलमे होती. पुढे डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातल्या फैजपूरला अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे काँग्रेसचे पहिले अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू. तिथे शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला: खंड कमी करू, कुळाला जमिनीची शाश्वती देऊ, सरंजामी देणी आणि वेठबिगार बंद करू, कर्जाचे ओझे हलके करू, शेतमजुराला पोटापुरती मजुरी देऊ. कागदावर यात नाव ठेवायला जागा नव्हती.

दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९३७ मध्ये प्रांतिक निवडणुका झाल्या. मुंबई प्रांतात काँग्रेस सर्वात मोठा पक्ष ठरला आणि जुलैमध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ सत्तेवर आले. खेर हे मूळ रत्नागिरीचे. रत्नागिरी आणि कुलाबा म्हणजे खोतीचा मुलूख. खोत म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आजच्या तरुण वाचकांसाठी थोडे सांगतो. खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधला माणूस. सरकारचा सारा त्याने भरायचा आणि कुळाकडून त्याने वसूल करायचा. सरकारला द्यायचे ते ठरलेले, पण कुळाकडून घ्यायचे ते खोताच्या मनावर. पिकाचा मोठा वाटा त्याच्या घरी जायचा. शिवाय त्याच्या शेतावर, त्याच्या घरी फुकट राबायचे, ती वेठ वेगळी. कुणबी, आगरी, महार, सगळेच या जात्यात भरडले जात होते. चरीच्या परिसरातल्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये संप पुकारला आणि सुमारे सहा वर्षे जमिनी पडीक ठेवल्या. उपास काढले, लाकूडफाटा विकून दिवस ढकलले, पण खोताच्या शेतात नांगर घातला नाही. बाबासाहेब या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले होते.

विधेयक नावाची कसोटी

बाबासाहेबांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. नावातच भूमिका होती. त्या पक्षाच्या जाहीरनाम्यात खोत आणि तालुकदारांपासून कुळांचे संरक्षण, जमीन तारण बँका, तांत्रिक शिक्षण, गरज पडेल तिथे उद्योगांवर सरकारी मालकी किंवा नियंत्रण, कामगारांची नेमणूक, बडतर्फी, कामाचे तास, वेतन आणि पगारी रजा यांविषयीचे कायदे, अशा ठोस गोष्टी होत्या. पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि त्यातले बहुतेक निवडून आले. पक्षात अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, शामराव परुळेकर यांच्यासारखे अस्पृश्येतर कार्यकर्ते होते, हेही लक्षात ठेवावे.

आता खरी गोष्ट पाहा. काँग्रेसने फैजपूरला कुळांविषयी ठराव केला होता. बाबासाहेबांनी त्या ठरावावर टीका करणारी भाषणे देण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयकच मांडले. प्रत्यक्ष जमीन कसणाऱ्याला भोगवटादाराचा दर्जा द्यावा आणि खोताला वाजवी भरपाई द्यावी, असा त्याचा आशय होता. म्हणजे हे विधेयक अतिरेकी आहे, असे म्हणायचीही सोय ठेवली नव्हती. सत्ताधाऱ्यांपुढे दोनच वाटा उरल्या: फैजपूरचा शब्द पाळा, नाहीतर तो शब्द खोटा होता हे कबूल करा.

विधेयक पुढे सरकले नाही. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत आले आणि विधिमंडळावर मोर्चा गेला. शिष्टमंडळ खेरांना भेटले. मागण्या ऐकून घेतल्या गेल्या. खोती तशीच राहिली. १९३९ मध्ये कूळकायदा आला तेव्हाही खोती उभीच होती. ती संपवणारा कायदा १९४९ मध्ये झाला. फैजपूरच्या ठरावापासून तेरा वर्षांनी, आणि बाबासाहेबांच्या विधेयकापासून बारा वर्षांनी!

इथे एक बारीक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. कराचीच्या ठरावातले एक कलम मात्र काँग्रेस मंत्र्यांनी ताबडतोब अमलात आणले: ५०० रुपये पगाराचे. त्यागाची वाहवा झाली. बाबासाहेबांनी विधिमंडळात त्या विधेयकावरही प्रश्न उभे केले, तेव्हा अनेकांना ते आवडले नाही. पण विचार करा. मंत्र्यांच्या पगारातून वाचणारी रक्कम किती, आणि खोतांच्या कोठारात दरवर्षी जाणारे भात किती? ज्या आश्वासनाला खर्च कमी आणि दिखावा जास्त, ते आधी पाळायचे. ज्याने कुणाच्या तरी मालकीला हात लागतो, ते समितीकडे पाठवायचे. ही पद्धत तेव्हा सुरू झाली आणि आजवर सगळ्या पक्षांनी ती निष्ठेने सांभाळली आहे.

विरोधात असतानाचा कायदा आणि सत्तेत असतानाचा कायदा

दुसरे उदाहरण कामगारांचे. ब्रिटिश सरकारने १९२९ मध्ये औद्योगिक कलहाचा कायदा आणला. संपाच्या हक्कावर त्यात बंधने होती. तेव्हा केंद्रीय कायदेमंडळातल्या काँग्रेसच्या सभासदांनी त्याला विरोध केला होता. नऊ वर्षांनी, १९३८ मध्ये, मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने स्वतःचे औद्योगिक कलह विधेयक आणले. समेटाची ठरवून दिलेली प्रक्रिया पुरी होण्याआधी केलेला संप बेकायदा आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा, हा त्याचा गाभा. परक्या सरकारने केले तर दडपशाही आणि स्वकीय सरकारने केले तर औद्योगिक शांतता!

बाबासाहेबांनी विधिमंडळात या विधेयकाच्या चिंध्या केल्या. माणसाला मर्जीविरुद्ध काम करायला लावणे म्हणजे त्याला गुलाम करणे, आणि म्हणून संपाचा हक्क हा स्वातंत्र्याच्या हक्काहून वेगळा काढता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट कामगार संघटनांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला. पोलिसांनी गोळीबार केला, कामगारांचे रक्त सांडले. विधेयकाचा कायदा झालाच.

या संपातले बाबासाहेबांचे धोरण आपल्या आजच्या मित्रांनी नीट अभ्यासावे. ज्या गिरण्यांच्या विणकाम खात्यात बाटाबाटीच्या नावाखाली अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता, त्या गिरण्यांतल्या सवर्ण कामगारांच्या बाजूनेही ते रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी फेब्रुवारीत मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन्ही शत्रू आहेत, असे स्पष्ट सांगितले होते. म्हणजे कम्युनिस्टांनी जातीकडे डोळेझाक केली म्हणून बाबासाहेबांनी वर्गाकडे डोळेझाक केली नाही. दोन्ही प्रश्न त्यांनी एकाच वेळी, एकाच व्यासपीठावरून मांडले. आणि लोकांना ते समजले, कारण ते खंड, वेठ, पगार आणि संप या लोकांच्या रोजच्या शब्दांत मांडले होते.

पैसा कुठून आणणार?

आता आम्हाला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. १९५१ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी जाहीरनामा काढला. शिक्षण, शेतीचे यांत्रिकीकरण, उद्योग असा कार्यक्रम त्यात आहे. पण त्यानंतर त्यात जो प्रश्न हाताळला आहे तो आजच्या जाहीरनाम्यांत शोधूनही सापडत नाही: या सगळ्यासाठी पैसा कुठून येणार? उत्तरही तिथेच दिले आहे. लष्करी खर्च कमी करा, मिठावरचा कर पुन्हा लावा, दारूबंदी उठवून अबकारीचे उत्पन्न वाचवा आणि विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण करा.

हे वाचून आजचा कोणताही निवडणूक सल्लागार कपाळाला हात लावील. मीठ सत्याग्रहाच्या देशात मिठाचा कर? गांधींच्या काँग्रेससमोर दारूबंदीला विरोध? फाळणीला चार वर्षे झालेली असताना लष्करात कपात? यातले एकही वाक्य मते मिळवून देणारे नव्हते. मिठाचा कर गरिबाच्या ताटातही उतरतो, त्यामुळे त्या कलमावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो हेही आम्ही मान्य करतो. पण बाबासाहेबांनी मतदाराला मूर्ख समजले नाही. अमुक देऊ म्हणताना तमुक ठिकाणाहून घेऊ, हे त्यांनी छापून सांगितले. १९५४ मध्ये राज्यसभेतही त्यांनी मिठाच्या कराची सूचना पुन्हा केली आणि त्या उत्पन्नातून गांधींच्या नावाने निधी उभारून अस्पृश्यांच्या पुनर्वसनासाठी वापरा, असे सुचवले.

१९५२ च्या निवडणुकीत फेडरेशनचा धुव्वा उडाला. खुद्द बाबासाहेब मुंबईत पराभूत झाले. त्याची कारणे अनेक आहेत, ती सगळी जाहीरनाम्यात शोधणे बरोबर नाही. पण एक फरक आम्हाला दिसतो. १९३७ मध्ये खोती हा एक शब्द उच्चारला की कुणब्यापासून महारापर्यंत प्रत्येकाला आपल्या अंगणातला माणूस डोळ्यांसमोर दिसत होता. १९५१ चा जाहीरनामा अर्थशास्त्र म्हणून प्रामाणिक होता, पण तो वाड्यावस्त्यांवरच्या बोलीत पोचवणारी यंत्रणा पक्षाकडे नव्हती. सत्य सांगणे पुरेसे नसते. ते पोचवावेही लागते. ते पोचवण्याचे काम बाबासाहेबांचे नव्हते, ते कार्यकर्त्यांचे होते आणि आजही आहे.

आपल्या पदरातले अपयश

बाबासाहेबांनंतर हा आर्थिक धागा कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी पकडला. १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह आणि ६ डिसेंबर १९६४ पासूनचा देशव्यापी सत्याग्रह ही आपल्या इतिहासातली सुवर्णपाने आहेत. लाखो माणसे तुरुंगात गेली. लेकरे काखेत घेऊन बाया तुरुंगात गेल्या. पण त्याच काळात आपल्याच पक्षात काय चालले होते? जमिनीचा लढा हा बाबासाहेबांचा मार्ग नाही, ही कम्युनिस्टांची नक्कल आहे, असे म्हणणारे सुशिक्षित नेते निघाले. दुरुस्त आणि नादुरुस्त अशा भांडणात रिपब्लिकन पक्ष फुटला. खोती विधेयक मांडणाऱ्या आणि ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या १९४७ च्या निवेदनात शेती हा राज्याचा उद्योग असावा असे लिहिणाऱ्या माणसाच्या नावाने जमिनीच्या लढ्याला विरोध झाला! यापेक्षा मोठा विपर्यास कोणता?

१९६४ च्या मागण्यांची यादी काढून पाहा. संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, ही त्यातली एक मागणी होती. कसायला जमीन द्या, किमान वेतन द्या, याही मागण्या होत्या. तैलचित्र १९९० मध्ये लागले. काही ठिकाणी पडीक जमिनी मिळाल्या, पण गायरान कसणाऱ्या आपल्या माणसाला अतिक्रमणाची नोटीस आजही येते. तैलचित्राचे मोल आम्हाला कमी लेखायचे नाही. तो आमच्या अस्मितेचा विषय आहे. पण सत्तेने काय दिले आणि काय राखून ठेवले, हे पाहा. ५०० रुपयांच्या पगाराचीच गोष्ट पुन्हा घडली. ज्याने कुणाची मालकी हलत नाही ते मिळाले. आणि आपण मिळाले त्याचा जल्लोष केला, राहिले त्याचा पाठपुरावा सोडला.

आजचा ताळेबंद

आता वर्तमानाकडे येऊ. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांनी रेवडी संस्कृतीवर टीका केली. दोन वर्षांनी त्यांच्याच पक्षाच्या महायुतीने महाराष्ट्रात लाडकी बहीण योजना आणली, महिना १५०० रुपये. विरोधकांनी तिजोरी रिकामी होईल म्हणून ओरड केली आणि नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत स्वतःच महिना ३००० रुपयांचे आश्वासन दिले. महायुतीने २१०० चे दिले. महायुती जिंकली आणि त्यानंतर मार्च २०२५ मध्ये मांडलेल्या पहिल्या अर्थसंकल्पात २१०० दिसले नाहीत. कोण रेवडीवाला आणि कोण रेवडीविरोधी, हे मतदाराला कळेनासे झाले. विरोधकांचा प्रचार इथेच फसला. जी गोष्ट काल वाईट होती ती आज दुपटीने देतो म्हणणाऱ्यावर विश्वास कोण ठेवील?

पण आपल्यासाठी खरा प्रश्न वेगळाच आहे. पैसा कुठून आला? मे २०२५ मध्ये राज्याच्या सामाजिक न्याय मंत्र्यांनीच जाहीर तक्रार केली की त्यांच्या खात्याचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवला गेला. अनुसूचित जातींच्या विकासासाठी लोकसंख्येच्या प्रमाणात निधी राखून ठेवायचा, ही व्यवस्था १९७९-८० पासून आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे १२ टक्के. शिष्यवृत्ती, वसतिगृहे, जमीन खरेदी योजना, सगळे यातून चालते. तिकडे काँग्रेसच्या कर्नाटकात तर या निधीसाठी २०१३ चा कायदा आहे. तरी २०२३ नंतर हमी योजनांसाठी याच निधीतले हजारो कोटी वापरले गेले. बंगळुरूत भाजप ओरडला, मुंबईत काँग्रेस ओरडली. आपापल्या राज्यात दोघांनी तेच केले. दलितांचा निधी हे या देशातले असे पाकीट आहे की त्यात कुणीही हात घातला तरी पोलीस येत नाहीत.

आणि या सगळ्यात आमचे काही कार्यकर्ते काय म्हणत होते? बाया पंधराशेला विकल्या गेल्या! मित्रांनो, ही भाषा सोडा. धुणीभांडी करून घर चालवणाऱ्या आपल्या बहिणीच्या हातात स्वतःचे म्हणून पंधराशे रुपये येतात, तेव्हा ते तिच्यासाठी गॅस असतो, औषध असते, मुलाची वही असते. तिला हिणवून आपण तिला आपल्यापासून दूर ढकलतो आणि सरकारला मोकळे सोडतो. तिला सांगायचे ते वेगळे आहे: बाई, हे पैसे तुझेच आहेत, घे. पण तुझ्या एका हातात पंधराशे ठेवताना तुझ्या लेकाच्या शिष्यवृत्तीच्या खात्यातून दुसऱ्या हाताने निधी उचलला जात असेल, तर जाब विचार. हे तिला कळते. तिला घरखर्चाचा हिशेब आपल्यापेक्षा चांगला येतो.

तीन प्रश्न

बाबासाहेबांच्या १९३७ ते १९५१ या वाटचालीतून आम्ही तीन प्रश्न काढतो. कोणताही पक्ष, कोणतीही योजना, आपलाही पक्ष, या तीन प्रश्नांतून सुटता कामा नये.

पहिला: हे आश्वासन कायद्यात कधी येणार? ठराव, घोषणा, जाहिरात हे सगळे फैजपूर आहे. विधेयक मांडले तरच ते खरे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींचा निधी दुसरीकडे वळवता येणार नाही असा कडक कायदा करा, ही मागणी प्रत्येक आमदाराच्या दारात गेली पाहिजे. आणि कर्नाटकातला अनुभव पाहता त्यात पळवाट नको.

दुसरा: पैसा कुठून आणणार? कुणाच्या खिशातून आणि कुणाच्या ताटातून? ज्याला याचे उत्तर देता येत नाही, त्याचे आश्वासन आपल्याच निधीवर चालणार, असे खुशाल समजावे.

तिसरा: यात मालकी हलते का? जमीन, नोकरी, शिक्षण, भांडवल यांतले काही आपल्या माणसाच्या नावावर होते का, की फक्त महिन्याचा खर्च निघतो?

हे प्रश्न विचारायला मोठा पक्ष लागत नाही. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये सादर होतो, त्याची पुस्तके सरकारच्या संकेतस्थळावर असतात. प्रत्येक तालुक्यातल्या दोन-चार शिकलेल्या मुलामुलींनी सामाजिक न्याय खात्याची तरतूद, सुधारित तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडावेत. माहिती अधिकारात आपल्या जिल्ह्याचा हिशेब मागवावा. आणि तो १४ एप्रिलच्या फलकावर, विहाराच्या भिंतीवर, वस्तीतल्या बायांच्या बैठकीत साध्या मराठीत सांगावा. जयंतीच्या डीजेवर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत याला काहीच खर्च नाही.

बाबासाहेब अर्थशास्त्राचे डॉक्टर होते, हे आपण अभिमानाने सांगतो. मग त्यांच्या लेकरांना आपल्याच निधीचा हिशेब वाचता येत नसेल, तर तो अभिमान कशाचा? खोतांच्या विरुद्ध लढणाऱ्यांना लिहिता-वाचताही येत नव्हते, तरी त्यांना आपले किती भात कुणाच्या कोठारात जाते हे नेमके ठाऊक होते. आज आपण पदव्या घेतलेले आहोत. आपले भात कुठे जाते आहे, एवढे तरी आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

जय भीम!